कोऱ्या कागदावरचा शिक्का : ख्वाजा महमूद गावान आणि जुन्नरचा तरफ

जुन्नरचा इतिहास सांगताना आपण एक लांब उडी मारतो. नाणेघाटातला नागनिकेचा लेख, सातवाहनांची जकात, डोंगराडोंगरांत कोरलेली लेणी एवढे झाले की थेट १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस येतो. मधली चौदा-पंधरा शतके जणू कोरी आहेत. फार तर कोणी सांगतो, की निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर होती. पण ही राजधानी इथेच का झाली? मलिक अहमदला बंड करायला दौलताबाद सोडून जुन्नरच का सापडले? त्याच्या हाती शिवनेरी गेला तेव्हा किल्ल्यावर कोण होते, आणि त्यांनी दार का उघडले नाही?

माझे गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी. लहानपणापासून जुन्नरला जाणे-येणे असल्याने हे प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षे घोळत होते. त्यांची उत्तरे शोधताना मी एका अशा माणसापाशी येऊन थांबलो, ज्याचे नाव आपल्या तालुक्यांत क्वचितच कोणी घेते. ख्वाजा महमूद गावान. इराणात जन्मलेला, बीदरला वजीर झालेला, पत्रलेखनावर ग्रंथ लिहिणारा पंडित. जुन्नरला दौलताबादपासून तोडून स्वतंत्र तरफ, म्हणजे प्रांत, करणारा हाच माणूस. आणि त्या व्यवस्थेची किंमत त्याने स्वतःच्या मानेने चुकवली.

युरोपच्या इतिहासात आपण प्रबोधनकाळातल्या विद्वान मुत्सद्द्यांची चरित्रे आवडीने वाचतो. इंग्लंडचा टॉमस मोर ग्रंथ लिहितो, राजाचा चॅन्सलर होतो आणि १५३५ साली त्याच राजाच्या हुकुमाने त्याचे डोके उडवले जाते. त्याच्या चोपन्न वर्षे आधी दख्खनमध्ये जवळपास हेच घडले होते. मोर मात्र जगभर वाचला जातो.

महमूद गावानचा जन्म १४११ चा, कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला. घराणे राजदरबारात वावरणारे. दरबारी हेवेदाव्यांमुळे देश सोडावा लागला, तेव्हा त्याने व्यापार पत्करला. पण व्यापाराच्या वाटेवर जिथे जिथे थांबला तिथे विद्वानांच्या पायाशी बसला. १४५३ च्या सुमारास तो दाभोळच्या बंदरात उतरला. याच वर्षी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले. बीदरला तो गेला ते एका सत्पुरुषाच्या भेटीसाठी आणि माल विकण्यासाठी. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा हा सौदागर सुलतान अलाउद्दीन अहमदच्या नजरेत भरला, आणि परतीचा प्रवास राहूनच गेला. हुमायूनशाहाने त्याला मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला. हुमायूनच्या मागे गादीवर लहान मुले आली. राजमाता मखदूमा-ए-जहाँ हिने कारभार हाती घेतला आणि सल्लागारांत गावानला ठेवले. १४६६ पासून पुढची पंधरा वर्षे बहमनी राज्याचा खरा कारभारी तोच.

त्या कारभाराच्या काळातले जुन्नर आपल्याला एका परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहायला मिळते. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास चौलला उतरला. जवळ विकायला एकच घोडा, शंभर रूबलचा. पालीवरून सह्याद्री चढून तो जुन्नरला आला आणि पावसात अडकला. चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आवणीच्या दिवसांत ज्याने एक आठवडा काढला आहे, त्याला यावर भाष्याची गरज नाही. त्याच दिवसांत लोक नांगरतात, भात, गहू, हरभरा पेरतात, हेही त्याने टिपले. घोड्यांना इथे वाटाणे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, याचे त्याला मोठे नवल वाटले. एका खडकावर देवानेच बांधल्यासारखे वसलेले, एका वेळी एकच माणूस चढू शकेल अशा वाटेचे ठाणे त्याने वर्णिले आहे. शिवनेरी पाहिलेल्या माणसाला त्यात शिवनेरीच दिसतो.

जुन्नरचा अंमलदार होता असद खान. निकितिन स्पष्ट सांगतो, की हा मलिक-उत-तुज्जारचा चाकर. त्याच्याकडूनच त्याला सत्तर हजारांचा सरंजाम मिळालेला. म्हणजे तेव्हाचे जुन्नर हे गावानच्या माणसाच्या ताब्यातले ठाणे होते. या असद खानाने निकितिनचा घोडा जप्त केला. मुसलमान हो, तर घोडा आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही तर घोडा जाईल आणि हजार नाणी दंडही भरावा लागेल. चार दिवसांची मुदत दिली. निकितिनची सुटका झाली ती एका खुरासानी ख्वाजाने मध्यस्थी केल्यामुळे. घोडा परत मिळाला, धर्मही राहिला.

मला या गोष्टीत दोन्ही बाजू महत्त्वाच्या वाटतात. गावानसारखा सुसंस्कृत वजीर बीदरला बसलेला असताना जुन्नरच्या अंमलदाराला वाटेल त्याचा घोडा ओढून नेता येत होता. निकितिन पुढे हेही लिहितो, की या देशात उमराव फार श्रीमंत आणि खेड्यातली माणसे फार गरीब आहेत. असद खान पालखीत माणसांच्या खांद्यांवरून फिरे, हत्ती-घोडे असूनही. विद्वान वजिराचे राज्य म्हणजे रामराज्य नव्हते. पण ठाणेदाराची ही मनमानी हाच पुढे गावानच्या सुधारणांचा विषय झाला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

त्याच्या विद्वत्तेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती नुसती शोभेची नव्हती. ‘रियाज-उल-इन्शा’ हा त्याच्या फारसी पत्रांचा संग्रह आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्यात ऑटोमन सुलतान दुसरा महंमद, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा, त्याला लिहिलेली पत्रे आहेत. हेरातचा महाकवी जामी याला बीदरला येण्याची विनंती आहे. जामी आला नाही, पण पत्रव्यवहार राहिला. पत्र कसे लिहावे, कोणाला कोणत्या शब्दांत संबोधावे, यावर त्याने ‘मनाझिर-उल-इन्शा’ हा वेगळा ग्रंथ लिहिला. त्या काळी राज्य चालत असे ते कागदावर, आणि कागदाचे शास्त्र लिहिणारा माणूस हा राज्याचा यंत्रज्ञ होता. आपल्याकडे हेमाद्रीच्या नावाशी मेस्तकाची परंपरा जोडली जाते, तिच्याशी हे नाते जुळते. १४७२ च्या सुमारास बीदरला त्याने तीन मजली मदरसा उभारला. दर्शनी बाजूला निळ्या-पिवळ्या फरश्यांचे काम, आत विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि ग्रंथालय. ग्रंथांची संख्या तीन हजार होती, असे सांगतात. औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा साठवला होता आणि स्फोटात अर्धी इमारत उडाली. उरलेली अर्धी पाहूनही माणूस गप्प होतो.

पत्रांतला गावान सगळीकडे अलंकारात बोलतो, पण मोहिमेवरची पत्रे वेगळी आहेत. १४६९ ते १४७२ ही वर्षे तो कोकण-घाटमाथ्यावर लढत होता. संगमेश्वर, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, आणि शेवटी गोवा. या मोहिमेसाठी त्याने जुन्नर आणि चाकणच्या फौजा बोलावल्या होत्या. आपल्या भागातली माणसे आणि घोडी त्या जंगलात झिजली. तिथून लिहिलेल्या पत्रांत तो तक्रार करतो, की बीदरला बसलेले लोक आपल्याला पैसा आणि माणूस पोचू देत नाहीत, आपण बुडावे अशीच त्यांची इच्छा आहे.

हे बीदरला बसलेले लोक कोण? इथे दख्खनी आणि आफाकी या भांडणाचा उलगडा करावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले मुसलमान सरदार, त्यांत बाटलेले हिंदू आणि हबशीही, ते दख्खनी. इराण, अरबस्तान, मध्य आशियातून नव्याने आलेले ते आफाकी, परदेशी. नोकऱ्या आणि जहागिरी यांवरून त्यांचे हाडवैर. या वैराचे सर्वांत भीषण प्रकरण आपल्या शेजारीच घडलेले आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर खलफ हसन नावाचा आफाकी सरदार कोकणात खेळण्याच्या वाटेवर शिर्के आणि मोरे यांच्या सापळ्यात सापडून मारला गेला. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात परतले. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले की हे लोक बंड करणार आहेत, त्यांच्या खरेपणाची पत्रे मध्येच अडवली, दोन महिने वेढा दिला, आणि शेवटी अभय देऊन मेजवानीला बोलावून त्यांची कत्तल केली. अडवलेले पत्र आणि खोटे कागद. गावान दख्खनमध्ये आला तो याच सुमारास. त्याला हे ठाऊक नसेल असे मानणे अशक्य आहे.

वजीर झाल्यावर त्याने पदे देताना दोन्ही पक्षांचा तोल राखण्याचा प्रयत्न केला. पण खरी दुखणी तरफांत आहेत, हे त्याने ओळखले होते. बहमनी राज्य चार मोठ्या तरफांत वाटलेले होते : गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण. एकेक तरफदार म्हणजे अर्धा राजाच. प्रांत त्याचा, सैन्य त्याचे, आणि प्रांतातले सगळे किल्ले त्याच्या माणसांच्या हाती. राज्य पूर्वेला आणि पश्चिमेला वाढल्यावर हे तरफदार आणखी फुगले. गावानने चारांचे आठ केले. तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वरंगळ झाले, वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर, गुलबर्ग्यातून विजापूर निघाले. आणि दौलताबादेतून जुन्नर वेगळे झाले. फिरिश्त्याने जुन्नरच्या तरफात इंदापूर, वाई, माणदेश आणि खाली गोवा-बेळगावपर्यंतचा मुलूख सांगितला आहे. तो फख्र-उल-मुल्काकडे दिला. घाटमाथ्यावरचे एक ठाणे अशा रीतीने सह्याद्रीच्या कडेने पसरलेल्या प्रांताचे मुख्य ठिकाण झाले. मंचर-घोडेगावच्या वाटेने जाणारे हुकूम आता दौलताबादहून नव्हे, तर जुन्नरहून निघू लागले.

वाटणीपेक्षाही खोल गेलेले बदल पुढचे आहेत. प्रत्येक तरफातले काही परगणे खालसा करून सुलतानाच्या खासगीकडे घेतले. जमिनीची मोजणी सुरू केली. पाचशे स्वारांच्या मनसबदाराचा तनखा एक लाखाचा सव्वा लाख होन केला, हजार स्वारांच्या मनसबदाराचा अडीच लाख. आणि जहागिरीचे उत्पन्न यापेक्षा कमी पडले तर सरकारी खजिन्यातून भरपाई. पण हजेरीत स्वार कमी भरले, तर तितकी रक्कम कापून घ्यायची. आणि सगळ्यांत बोचणारा नियम हा, की तरफदाराकडे एकच किल्ला राहील. बाकीच्या किल्ल्यांवरचे किल्लेदार बीदरहून नेमले जातील, त्यांचा पगार बीदरहून येईल, आणि ते तरफदाराचे नव्हे तर सुलतानाचे चाकर असतील.

सह्याद्रीत हा नियम किती अवघड गेला असेल, याची कल्पना नकाशा पाहूनच यावी. एकट्या जुन्नर तालुक्यात शिवनेरी, चावंड, जीवधन, हडसर, निमगिरी, नारायणगड असे किल्ले एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात उभे आहेत. त्यांतला एकच घ्या आणि बाकी डोळ्यांसमोर असूनही विसरा, असे तरफदाराला सांगणे म्हणजे घराच्या मालकाला एका खोलीची किल्ली देण्यासारखे होते.

या सुधारणांमुळे सर्वांत जास्त दुखावला तो मलिक हसन बहरी, निजाम-उल-मुल्क. मूळचा ब्राह्मणाचा मुलगा, पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला. सारे तेलंगण मिळेल या आशेवर तो होता, त्याला अर्धे, राजमहेंद्री, मिळाले. दख्खनी पक्षाचा तो पुढारी. त्याने जी युक्ती केली तीत एक क्रूर समर्पकता आहे. गावानच्या शिक्क्यावर ज्याचा ताबा होता त्या हबशी गुलामाला त्याच्या लोकांनी नादी लावले, दारू पाजली आणि एका घडी घातलेल्या कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मग त्यावर ओरिसाच्या गजपती राजाला उद्देशून मजकूर लिहिला : सुलतान व्यसनी आणि जुलमी आहे, तुम्ही चढाई करा, आपण राज्य वाटून घेऊ. हे पत्र सुलतान तिसऱ्या महंमदशाहापुढे ठेवले गेले.

पुढचे फिरिश्त्याने सविस्तर सांगितले आहे. मित्रांनी गावानला गुजरातेत निसटून जाण्याचा सल्ला दिला, त्याने ऐकला नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत नशेत असलेल्या सुलतानाने त्याला विचारले, की धन्याशी बेइमानी करणाऱ्याला काय शिक्षा? तलवार, असे गावान म्हणाला. मग पत्र पुढे टाकले. शिक्का माझा, अक्षर माझे नव्हे, एवढेच त्याला सांगता आले. चौकशी झाली नाही. जौहर नावाच्या हबशी गुलामाने तिथेच त्याचे शिर उडवले. पत्रलेखनशास्त्राचा सर्वांत मोठा जाणकार एका बनावट पत्राने मारला गेला.

त्याच्या घराची झडती घेतली तेव्हा खजिना सापडला नाही. इराणहून आणलेले चाळीस हजार लारी एवढे भांडवल तो शेवटपर्यंत व्यापारात फिरवत असे. त्याच्या नफ्यातून स्वतःचे जेवण आणि बाकी नातलग, फकीर, विद्वान यांना. जहागिरीचे उत्पन्न सैन्यावर खर्च होई. झोपायला चटई, स्वयंपाकाला मातीची भांडी. इथे निकितिनची साक्ष शेजारी ठेवली पाहिजे. त्याने बीदरला पाहिलेला मलिक-उत-तुज्जार रोज पाचशे माणसांच्या पंगतीला बसतो, तबेल्यात दोन हजार घोडे आणि शंभर हत्ती आहेत. दोन्ही खरे असू शकेल. पंगत पदाची होती, चटई माणसाची. तरीही फिरिश्ता स्वतः इराणी, आणि ही हकिगत त्याने सव्वाशे वर्षांनी लिहिली, हे विसरू नये. त्याच्या लेखणीत गावान थोडा अधिक उजळ आणि मलिक हसन थोडा अधिक काळा होणे साहजिक आहे. हारून खान शेरवानी यांनी १९४२ साली गावानचे इंग्रजी चरित्र लिहिताना त्याच्या पत्रांचा आधार घेतला, त्यामुळे फिरिश्त्याची बाजू पडताळून पाहता येते.

सुलतान वर्षभरातच, मार्च १४८२ मध्ये, मेला. गादीवर बारा वर्षांचा मुलगा. मलिक हसन आता सर्वाधिकारी झाला आणि त्याने आपल्या मुलाला, मलिक अहमदला, पश्चिमेकडचा कारभार पाहायला पाठवले. अहमदने ठाण मांडले ते जुन्नरला. गावानने घडवलेला प्रांत गावानच्या मारेकऱ्याच्या मुलाच्या हाती आयता पडला.

पण किल्ले पडले नाहीत. अहमद शिवनेरीपुढे गेला तर वरच्या मराठ्यांनी किल्ला द्यायचे नाकारले. फिरिश्ता त्यांचे म्हणणे देतो : सुलतान अज्ञान आहे, वजीर रोज बदलतात, तो वयात आला की त्याच्या हुकुमाने किल्ला देऊ. इतिहासकार याकडे स्थानिक पुंडाई म्हणून पाहतात. मला ते तसे वाटत नाही. तरफदाराला नव्हे, सुलतानाला उत्तर देणारा किल्लेदार, हीच तर गावानची कल्पना होती. तिचा कर्ता मरून पाच वर्षे झाली, बीदरचा दरबार पोखरला गेला, आणि तरी शिवनेरीच्या माथ्यावर काही मराठा शिपाई तो नियम पाळत बसले होते. चाकणचा झैनुद्दीन अली हाही असाच बीदरशी एकनिष्ठ राहिला आणि शेवटी लढताना मारला गेला. गावानच्या व्यवस्थेचे मूल्यमापन करायचे, तर मदरशाच्या फरश्यांपेक्षा मी या दोन ठाण्यांकडे बोट दाखवीन.

शिवनेरी सहा महिने वगैरे नुसता रोखून धरण्यासारखा किल्ला नव्हता. तो घेणे अहमदला भागच होते. १४८६ मध्ये तो पडला तेव्हा वर पाच वर्षांचा वसूल साठवलेला सापडला. पाच वर्षे मागे मोजली की आपण १४८१ ला पोचतो. गावान मेल्यापासून बीदरला पैसा गेलाच नव्हता, आणि किल्ल्यावरच्या लोकांनी तो खाल्लाही नव्हता. हा हिशेब माझा आहे, फिरिश्त्याने तो मांडलेला नाही. पण आकडा त्याचाच आहे.

त्या पैशावर अहमदने फौज उभी केली. चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर, माहुली, पाली, एकामागून एक किल्ले घेतले. दंडाराजपुरीला वेढा घालून बसला असताना बीदरला बापाचा खून झाल्याची बातमी आली. मलिक हसनही शेवटी तशाच कारस्थानात गेला. अहमद जुन्नरला परतला आणि बापाची पदवी, निजाम-उल-मुल्क, स्वतः घेतली. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने बहमनी फौज उधळली आणि स्वतंत्र झाला. १४९४ ला त्याच परिसरात अहमदनगर वसवले, तेव्हा जुन्नरचे राजधानीपण संपले. बाकीच्या तरफांचेही तेच झाले. विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा. राज्य एका माणसाच्या शिक्क्यावर उभे होते, आणि तो शिक्का एका दारुड्या नोकराच्या हाती होता. गावानने सगळ्यांच्या हातांवर तपासनीस बसवले, फक्त या एका हातावर नाही.

निजामशाहीने एक-किल्ल्याचा नियम पाळला नाही. शंभरेक वर्षांनी मालोजीराजे भोसल्यांना पुणे-सुपे परगण्यांची जहागीर मिळाली, तेव्हा तिच्याबरोबर शिवनेरी आणि चाकण असे दोन किल्ले त्यांच्या हवाली झाले. ख्वाजाच्या नियमाने हे बसले नसते, आणि जिजाबाईंचे बाळंतपणही मग कदाचित दुसरीकडे झाले असते. पुढे शिवाजी महाराजांनी आपल्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी नेमले, शक्यतो वेगवेगळ्या जातींचे, रोख पगाराचे, म्हणजे एकट्याच्या मनात आले म्हणून दार उघडणार नाही. गावानचे नाव त्यांच्या कानावर होते असा पुरावा नाही, आणि तो शोधायची गरजही मला वाटत नाही. डोंगरी मुलखात राज्य करणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. १६५७ साली महाराजांनी जुन्नरची पेठ लुटली, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. शिवनेरी मात्र त्यांच्या हयातीत त्यांच्या हाती आला नाही.